बंदोबस्त कोणाचा करायचा?



गेल्या मे महिन्याच्या सुटीत माझा भाचा आईवडिलांबरोबर अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात जाऊन आला. तेथे ऑर्लँडो शहराजवळ ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ नावाची प्रचंड क्रीडानगरी आहे, हे तुम्हांला ठाऊक असेलच. नववीतल्या मुलाने असे काही पाहिले म्हणजे तो तिथल्या राइड्सविषयी आणि त्या प्रसिद्ध राजवाड्याविषयी बोलत सुटेल, अशी माझी अपेक्षा होती. पण स्वारीने सुरुवात केली ती तक्रारींनी. एका पक्ष्याने त्याच्या हातातले बटाट्याचे तळलेले काप पळवले. मोटारीच्या काचेवर काळ्या किड्यांचा असा थर बसला की वडिलांना वाटेत दोनदा थांबून काच धुवावी लागली. आणि चार मिनिटांच्या एका राइडसाठी दीड तास रांगेत उभे राहावे लागले. त्यातही मागून घुसणारी टोळकी होतीच. सगळे सांगून झाल्यावर त्याने मला विचारले, “मामा, एवढे पैसे घेतात, मग या सगळ्यांचा बंदोबस्त का करत नाहीत?”

त्याच्या या ‘बंदोबस्त’ शब्दाने मला विचारात पाडले. आपल्याकडच्या शाळेच्या सहली आठवून पाहा. कावळा डब्यातला वडा उचलतो, संध्याकाळी डास फोडून काढतात, पाण्याच्या घसरगुंडीपाशी दोन शाळांची मुले एकमेकांना ढकलू लागतात. मग कोणी कावळ्याला दगड मारतो, कोणी डासांवर फवारा मारा म्हणतो, आणि सर शिट्टी वाजवून वाजवून दमतात. उपद्रव जिथे आपल्याला चावतो, तिथेच आपण त्याच्याशी झगडत बसतो. माझे मत असे की यातला प्रत्येक उपद्रव आपल्यापर्यंत पोचण्याच्या खूप आधी, दुसऱ्याच ठिकाणी तयार झालेला असतो, आणि बंदोबस्त करायचा तर तिथे. आश्चर्य म्हणजे याचा उत्तम पुरावा माझ्या भाच्याने जिच्याविषयी तक्रार केली, त्या क्रीडानगरीतच सापडतो.

भाच्याच्या तक्रारींत एक गोष्ट नव्हती, ती तुमच्या ध्यानात आली का? त्याने डासांचे नाव काढले नाही. फ्लॉरिडा म्हणजे उष्ण, दमट, दलदलीचा प्रदेश. डिस्ने कंपनीने १९६० नंतरच्या दशकात तेथे सुमारे २७,००० एकर जमीन विकत घेतली, तेव्हा तिचा मोठा भाग पाणथळ होता. अशा जागी मे महिन्यात डास नसतील तर दुसरे काय असणार? पण १ ऑक्टोबर १९७१ रोजी हे ठिकाण लोकांसाठी खुले झाले, तेव्हापासून तेथे डास फार कमी आढळतात अशी त्याची ख्याती आहे. ‘एकही डास नाही’ असे काही उत्साही लोक सांगतात, ते तुम्ही खरे मानू नका. २०१६ मध्ये झिका रोगाची भीती पसरली, तेव्हा याच ठिकाणी पाहुण्यांना अंगाला लावायचे डासरोधक मलम आणि फवारे फुकट द्यावे लागले होते. पण ‘फार कमी’ हेही लहान यश नव्हे.

हे कसे साधले? त्यासाठी आपल्याला एका माणसाची ओळख करून घ्यावी लागेल. विल्यम पॉटर हे अमेरिकन सैन्यातून निवृत्त झालेले अभियंते. ‘जनरल जो पॉटर’ या नावाने ते ओळखले जात. १९५६ ते १९६० या काळात ते पनामा कालव्याच्या प्रदेशाचे गव्हर्नर होते. पुढे डिस्ने कंपनीने त्यांना बोलावून दलदलीचा प्रश्न त्यांच्यावर सोपवला. पनामाहून आलेल्या माणसाला डासांविषयी काय माहीत असणार, हे समजायचे तर आणखी थोडे मागे गेले पाहिजे, आणि गंमत म्हणजे ती वाट आपल्याच देशात येऊन पोचते.

अल्मोडा येथे जन्मलेले डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत एका ॲनॉफिलिस डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे परजीवी पाहिले. डासांतून हिवताप पसरतो, हे सिद्ध करणाऱ्या कामातला हा निर्णायक क्षण होता. १९०० साली अमेरिकन डॉक्टर वॉल्टर रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्यूबात दाखवून दिले की पीतज्वरही डासांमुळेच पसरतो. त्याआधी, १८८१ ते १८८९ या काळात फ्रेंचांनी पनामाचा कालवा खणण्याचा प्रयत्न केला होता. त्यात वीस हजारांहून अधिक माणसे रोगराईने आणि अपघातांनी दगावली, असा अंदाज आहे. तिथल्या फ्रेंच रुग्णालयाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. मुंग्या खाटेवर चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याने भरलेल्या वाडग्यांत ठेवलेले असत. बागेतल्या झाडांभोवतीही मुंग्यांपासून रक्षण म्हणून पाण्याची मातीची आळी केलेली होती. मुंग्या आल्या नाहीत, हे खरे. पण त्या वाडग्यांत आणि आळ्यांत डासांच्या अळ्या सुखाने वाढत होत्या, आणि खिडक्यांना जाळ्या नव्हत्या! माणूस दुसऱ्याच दुखण्यासाठी रुग्णालयात येई आणि पीतज्वराने मरे.

तुमच्या आजीच्या घरी जाळीच्या दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले तुम्ही पाहिले असतील. त्या वाट्यांत शेवटचे पाणी कधी बदलले, हे एकदा विचारा.

१९०४ मध्ये अमेरिकनांनी कालव्याचे काम हाती घेतले. त्यांचे डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी डासांपेक्षा साचलेल्या पाण्याकडे अधिक लक्ष दिले. डबकी बुजवली, चर खणले, पिंपांना झाकणे बसवली, पाण्यावर तेल टाकले, खिडक्यांना जाळ्या लावल्या. १९०६ पर्यंत तेथून पीतज्वर जवळजवळ हद्दपार झाला. हिवताप पुरता गेला नाही, पण खूप उतरला. कालवा १९१४ साली पुरा झाला.

जनरल पॉटर हा धडा घेऊनच फ्लॉरिडात आले. त्यांच्या देखरेखीखाली पन्नासांहून अधिक मैल लांबीचे कालवे आणि बांध तयार झाले. पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडणारी आणि उतरली की आपोआप मिटणारी दारे त्यांवर बसवली होती. दलदल सगळी बुजवून टाकली नाही, तर तिच्यातले पाणी हलते ठेवले. यामागचे जीवशास्त्र तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. डासाचे अंडे, अळी आणि कोश या तिन्ही अवस्था पाण्यात जातात. उबदार हवेत या प्रवासाला आठदहा दिवस पुरतात. अळीला श्वास घेण्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागापाशी यावे लागते, म्हणून तिला संथ पाणी हवे. पाणी वाहते राहिले, त्यात लाटा उठल्या, मासे फिरू लागले, तर अळीचे काही खरे नाही. आपण ज्यांना डास खाणारे मासे म्हणून विहिरींत सोडतो, त्यांतले गॅम्बुसिया मूळचे अमेरिकेच्या त्याच आग्नेय भागातले आहेत. उडणाऱ्या डासाला गाठायचे म्हणजे सगळे आकाश धुंडाळायचे; अळी मात्र एका वाटीत सापडते.

एवढे करून ती मंडळी निर्धास्त बसली नाहीत. तेथे पहारेकरी ठेवले आहेत, आणि ते पहारेकरी म्हणजे चक्क कोंबड्या! फ्लॉरिडात ठिकठिकाणी, आणि डिस्नेच्या आवारातही, उघड्यावर खुराड्यांत कोंबड्या पाळतात. डास त्यांना चावतात. त्या डासात ‘वेस्ट नाइल’ किंवा ‘सेंट लुई मेंदूज्वर’ या रोगांचे विषाणू असतील, तर कोंबडीच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ठरावीक दिवसांनी रक्ताचा थेंबभर नमुना तपासला की कोणत्या भागात विषाणू शिरला आहे ते कळते. कोंबडी स्वतः सहसा आजारी पडत नाही, आणि तिच्या रक्तात विषाणू इतके वाढत नाहीत की पुढच्या डासाला तिच्यापासून लागण व्हावी. आपल्याकडे लहान मुलांना होणारा जपानी मेंदूज्वर याच विषाणूंच्या गोतावळ्यातला आहे. याशिवाय सापळे असतात. डासाची मादी आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर येते, म्हणून सापळ्यात तोच वायू सोडतात, आणि सापडलेले डास मोजून कोणत्या जातीचे किती ते लिहून ठेवतात. फवारणी केव्हा आणि कुठे करायची ते या आकड्यांवरून ठरते. आपल्या गल्लीत धुराची गाडी येते तेव्हा कोणी आधी डास मोजलेले असतात का? मला शंका आहे.

आता मोटारीच्या काचेवरचे किडे. यांना तेथे ‘लव्हबग’ म्हणतात, कारण नर आणि मादी शेपटीकडून एकमेकांना जोडलेल्या स्थितीत उडतात. रंग काळा, पाठीवर तांबडा ठिपका. नावात ‘बग’ असला तरी ही एक माशी आहे, म्हणजे डासाची दूरची चुलत बहीण. वर्षातून दोनदा, मेच्या सुमारास आणि पुन्हा सप्टेंबरच्या सुमारास, यांचे थवे उठतात. दिवसा उडतात, तीनचार दिवस जगतात आणि मरतात. चावत नाहीत, डंख मारत नाहीत, रोग पसरवत नाहीत. एका विद्यापीठाने डास खाण्यासाठी हे किडे प्रयोगशाळेत तयार केले आणि ते निसटले, अशी एक लोककथा फ्लॉरिडात सांगतात. ती साफ खोटी आहे. हा किडा मध्य अमेरिकेकडून मेक्सिकोच्या आखाताच्या काठाकाठाने स्वतःच्या पंखांनी तिथवर आला.

पण तो नेमका रस्त्यावरच का जमतो? याचे उत्तर १९७० नंतरच्या काही वर्षांत झालेल्या प्रयोगांतून मिळाले. लव्हबगच्या अळ्या कुजणारा पालापाचोळा खातात, त्यामुळे मादीला अंडी घालायला कुजणाऱ्या पाल्याची जागा हवी असते. मोटारीच्या धुरावर कडक ऊन पडले की त्यात अशी काही द्रव्ये तयार होतात की त्या वासाने किडे ओढले जातात. त्यात तापलेल्या डांबराची ऊब! म्हणजे माझ्या भाच्याच्या वडिलांच्या मोटारीवर किडे चाल करून आले नव्हते. मोटारींनीच त्यांना आवतण धाडले होते. यावर फवारणीचा काही उपयोग होत नाही, कारण शेजारच्या कुरणातून नवे थवे येतच राहतात. काच आणि रंग लवकर धुवायचा, दुपारऐवजी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा प्रवास करायचा, बस्स. काही उपद्रवांचा बंदोबस्त करायचाच नसतो, ते काही आठवडे सोसायचे असतात. एरवी याच्याच अळ्या पालापाचोळ्याचे खत करत असतात.

पक्ष्यांची गोष्ट मात्र वेगळी. तेथे आपला हात थेट गुंतलेला असतो.

फ्लॉरिडात खाद्यगृहांच्या टेबलांभोवती कुरव पक्षी, लांब वाकड्या चोचीचे पांढरे शराटी, चिमण्या आणि बदके घुटमळत असतात. पांढरा शराटी खरे तर चिखलात चोच खुपसून खेकडे आणि किडे शोधणारा पक्षी. तो पावाच्या तुकड्यासाठी माणसाच्या पायाशी येतो, ही त्याची मूळ सवय नव्हे. ती त्याला कोणी तरी लावली. हिशेब सोपा आहे. चिखलात तासभर चोच मारून जेवढी शक्ती मिळते, तेवढी एका तळलेल्या कापातून क्षणात मिळत असेल, तर पक्षी कुठे जाईल? तुम्ही असता तर कुठे गेला असता? दहांपैकी एका माणसाने जरी खाऊ टाकला, तरी उरलेल्या नऊ जणांच्या हातावर झडप घालणे पक्ष्याला परवडते. ‘मी एकट्याने दोन शेंगदाणे टाकले तर काय बिघडले?’ या प्रश्नाचे उत्तर त्या नऊ जणांना विचारायला हवे.

इंग्लंडच्या समुद्रकाठच्या गावांत रुपेरी कुरवांवर एक सुंदर प्रयोग झाला. जात फ्लॉरिडातल्या कुरवापेक्षा वेगळी, पण चोरीची कला तीच. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी बटाट्याच्या कापांची पिशवी जमिनीवर ठेवली आणि पक्षी किती वेळात येतो ते मोजले. एकदा माणूस पक्ष्याकडे टक लावून पाहत बसे, एकदा तोंड फिरवून बसे. २०१९ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. माणूस पाहत असला तर पिशवीपाशी यायला पक्ष्यांना सरासरी २१ सेकंद जास्त लागले. त्याहून मजेची गोष्ट अशी की ७४ पक्ष्यांपैकी पिशवीपर्यंत आले अवघे २७. बाकीच्यांनी धाडसच केले नाही! म्हणजे ‘हे पक्षी फार माजले आहेत’ अशी जी ओरड असते, ती थोड्या धीट पक्ष्यांमुळे सगळ्या जातीवर येते. पुढच्या वर्षी त्याच संशोधकांनी असेही दाखवले की दोन सारख्या खाद्यवस्तू ठेवल्या, तर माणसाने नुकती हाताळलेली वस्तू कुरव पसंत करतो. तो आपल्याकडे पाहून शिकत असतो.

यातून उपाय कोणता निघतो? खाताना भिंतीला पाठ लावून किंवा छपराखाली बसा, पक्ष्याकडे नजर ठेवा, खाणे झाकलेले असू द्या. हा झाला चावतो तिथला उपाय. मूळचा उपाय म्हणजे खाऊ न टाकणे आणि उष्टे झाकणाच्या डब्यात टाकणे. डिस्नेच्या आवारात थोड्या थोड्या अंतरावर झुलत्या झडपेचे कचऱ्याचे डबे ठेवलेले असतात. माणसाला तो ढकलायला सोपा, पक्ष्याला अवघड.

मुळाऐवजी पक्ष्यालाच हात घातला तर काय होते, तेही याच ठिकाणी दिसले आहे. डिस्ने वर्ल्डच्या तलावात ‘डिस्कव्हरी आयलंड’ नावाचे बेट होते, आणि तेथे १९९९ पर्यंत प्राणी-पक्ष्यांचे संग्रहालय चाले. तेथे पिंजऱ्यातल्या जनावरांसाठी मांडलेल्या खाण्यावर रानातली काळी गिधाडे येऊ लागली. जिथे रोज ताट वाढलेले असते तिथे गिधाड येणारच, त्यात नवल ते काय? पण १९८९ मध्ये कंपनीवर आणि तिच्या काही नोकरांवर सरकारने आरोप ठेवले, की गिधाडांना काठ्यांनी मारले आणि त्यांचे हाल केले. कायद्याने संरक्षण असलेला हा पक्षी. प्रकरण अखेर पैसे भरून तडजोडीने मिटले. जगाला पाण्याची दारे आपोआप मिटवून दाखवणाऱ्या कंपनीला ताटावर झाकण ठेवणे सुचले नसावे, याचे मला आजही आश्चर्य वाटते. (आपल्याकडे गिधाडांचे उलटे झाले. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने ती इतकी मेली की २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी घालावी लागली.)

तुम्ही म्हणाल, हे सगळे फ्लॉरिडातले झाले. तर मग हिवाळ्यात गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये बसून पाहा. उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडत आलेले कुरव लाँचमागे घिरट्या घालत असतात आणि लोक त्यांच्यापुढे कुरमुरे, शेव, पाकिटातले तिखट-मीठ लावलेले पदार्थ उधळत असतात. फोटो छान येतो. घारापुरीला उतरल्यावर हीच माणसे माकडांनी पिशवी ओढली म्हणून ओरडतात!

राहता राहिली गर्दी. या बाबतीत विज्ञान काय करणार, असे पुष्कळांना वाटते. पण रांगेचे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉलसंबंधी लेख लिहिला, आणि त्यातून ते सुरू झाले. पुढे १९६१ मध्ये जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक साधा नियम सिद्ध केला. तुम्हांला उपयोगी पडेल अशा रूपात तो असा: रांगेतील माणसांची संख्या भागिले दर मिनिटाला राइडवर चढणाऱ्यांची संख्या, म्हणजे थांबण्याचा वेळ. माझ्या भाच्याच्या रांगेत समजा १,८०० माणसे होती आणि मिनिटाला २० जण चढत होते. झाले, नव्वद मिनिटे! ओरडून, ढकलून किंवा शिट्ट्या मारून यातले वीस बदलत नाहीत.

आता दहा मुलांचे टोळके मध्येच घुसले असे धरा. मागच्या प्रत्येकाचे अर्धे मिनिट गेले. ‘अर्ध्या मिनिटाने काय होते!’ मागे १,५०० माणसे असतील, तर सगळ्यांचे मिळून ७५० मिनिटे, म्हणजे साडेबारा तास. घुसणाऱ्याला हा हिशेब कोणी दाखवत नाही.

डिस्नेने १९९९ मध्ये ‘फास्टपास’ नावाची युक्ती काढली. आधी वेळ लावलेली चिठ्ठी घ्यायची, हिंडायचे, आणि ठरल्या वेळी दुसऱ्या छोट्या रांगेतून आत जायचे. लोक खूश झाले. पण लिटलच्या नियमाने पाहा: यंत्राची क्षमता तेवढीच राहिली. चिठ्ठीवाले आत जाऊ लागले म्हणून साधी रांग हळू सरकू लागली, आणि जी माणसे रांगेत उभी राहिली असती ती रस्त्यांवर दाटली. २०२१ पासून त्या जागी जादा पैसे मोजून आत जाण्याची पद्धत आली. माझ्या मते हे सभ्य पोशाखातले घुसणेच आहे. फरक एवढाच की साडेबारा तासांची किंमत कंपनीच्या तिजोरीत जाते, ज्यांचे ते तास गेले त्यांना काही मिळत नाही. कोणी म्हणेल, पैसे आहेत तर का देऊ नयेत? याला माझ्याकडे गणिती उत्तर नाही. तुम्ही वर्गात वाद घालून पाहा.

गर्दीत दुसरी गोष्ट घडते, आणि ती गमतीची नाही. २००० साली डर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले की अरुंद दारातून बाहेर पडताना प्रत्येक जण घाई करू लागला, तर सगळ्यांनाच अधिक वेळ लागतो. दारापाशी माणसांची कमान तयार होते आणि घर्षणाने ती अडकते, जशी नरसाळ्यात ज्वारी अडकते. चौरस मीटरला पाचसहा माणसे झाली की माणूस स्वतःच्या इच्छेने पाऊल टाकू शकत नाही. गर्दी पाण्यासारखी हेलकावते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर काय झाले? पाऊस आला म्हणून लोक जिन्यावर थांबले. म्हणजे बाहेर पडणे बंद झाले. गाड्या मात्र येतच होत्या, आत येणे चालू होते. वीसहून अधिक माणसे गुदमरून आणि चेंगरून मेली. त्यांत कोणी गुंड नव्हते. ती कामावर निघालेली माणसे होती. ‘लोकांना शिस्त नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो, तेव्हा जिन्याची रुंदी मोजायची राहून जाते. अशा गर्दीत सापडलात तर हात छातीपुढे घडी करून श्वासापुरती जागा राखा, खाली पडलेली चप्पल उचलायला वाकू नका, प्रवाहाच्या उलट न जाता तिरके तिरके कडेला सरका.

शिक्षक वाचक हो, आता थोडे तुमच्याशी. महाराष्ट्रातल्या किती तरी शाळांच्या सहली डिसेंबर आणि जानेवारीतल्या त्याच चारपाच शनिवारी निघतात. गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ पासून २०२२ पर्यंत चालू होते, तेव्हा हेच होते. आज खोपोलीच्या इमॅजिकात किंवा दुसऱ्या कुठल्या जलोद्यानात जा, चित्र फारसे वेगळे नाही. सगळ्या बसगाड्या दहाला पोचतात, सगळी मुले एकाच राइडकडे धावतात, सगळे एक वाजता जेवतात आणि दीड वाजता सगळे कावळे हजर होतात. मग आपण मुलांना बेशिस्त म्हणतो. सहल मंगळवारी काढा. जेवण साडेअकराला किंवा अडीचला घ्या. दरवाजा उघडण्याच्या आधी पोचा. गणवेशाच्या शिस्तीवर जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्मा वेळ या वेळापत्रकावर घालवला, तरी शिट्टी घरी ठेवता येईल. मंगळवारी वर्ग बुडतो, ही अडचण मला मान्य आहे. पण चाळीस मुले शनिवारी पाच तास रांगेत उभी राहतात, त्यांचे दोनशे तास बुडतात, ते कोणत्या हजेरीपटात लिहायचे?

माझ्या भाच्याच्या शाळेची सहल डिसेंबरात एका जलोद्यानात गेली, अर्थात शनिवारीच. यावेळी त्याने घड्याळ आणि वही नेली होती. घसरगुंडीच्या रांगेत त्याने तीनशे माणसे मोजली, पाच मिनिटे पाहून मिनिटाला बारा जण खाली जातात असे काढले, आणि मित्रांना पंचवीस मिनिटे लागतील म्हणून सांगितले. लागली एकतीस. मध्ये सहा मिनिटे पंप बंद होता. आता तो मला विचारतो की भाजक बारा धरायचा, की बंद पडलेला वेळ धरून पावणेदहाच्या आसपास? आणि पंप बंद पडणार हे आधी कळत नसेल, तर रांगेत शिरताना कोणता आकडा वापरायचा? मी अजून त्याला उत्तर दिलेले नाही. तुम्ही आधी करून पाहा.